शालिग्रामला आखाजीचं आवतण

देवपूर, धुळे
८ एप्रिल १९७३

चि. बन्सीलाल,

तुला आशीर्वाद. त्यात थोडा रागही मिसळलेला आहे, तो तुझा तू निवडून वेगळा काढ. नाना जाऊन पाच महिने झाले. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी तू फैजपूरच्या घराला कुलूप लावलंस, मला धुळ्याच्या मोटारीत बसवलंस आणि मुंबई गाठलीस. त्यानंतर तुझी पत्रं येतात, पण ती सगळी मुंबईची. समुद्राला भरती कशी येते, दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरून काय दिसतं, शालिग्रामने काय गंमत केली. बापाबद्दल एक ओळ नाही. मी तुला दोष देत नाही. मीही माझ्या भावाबद्दल कुणाशी बोलत नाही. बोलायला इथे आहे तरी कोण?

आता कामाचं. येत्या ५ मेला, शनिवारी, आखाजी आहे, तुमच्या मुंबईची अक्षय्य तृतीया. नानाची पहिली आखाजी. पहिल्या वर्षाची घागर मुलाच्या घरात भरायची, हे तुला मी सांगायला नको. पण मुंबईत माणूस विसरतो म्हणून सांगते. नवी घागर पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, पुरणपोळी-आमरस करायचा, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने एक माणूस पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचा. तो पोटभर जेवला की आपला माणूस जेवला. फैजपूरचं घर बंद. तुझं घर म्हणजे आता तुझी ती लालबागची खोली. तेव्हा घागर तिथेच भरायची आणि ती भरायला मी येणार. शुक्रवारी येते, रविवारी रात्री परत.

पितर म्हणून शालिग्रामला आवतण दे. रावेरकडचा आहे, आपल्यातला आहे, सात वर्षं रविवारी तुझ्याबरोबर जेवतो असं तूच लिहितोस. नाना तर शेवटपर्यंत प्रत्येक पत्राखाली ‘शालिग्रामला आशीर्वाद’ लिहायचा. त्याच्या पाटावर बसायचा त्या मुलाचा हक्कच आहे.

आणि हो, घागर भरून झाली की मला मुंबई दाखव. चाळीस वर्षं पांझरेच्या या काठावर काढली. माहेरचं फैजपूर सोडलं तर पुलापलीकडे धुळे आणि धुळ्यापलीकडे एकदा नाशिक, एवढंच मी पाहिलं आहे.

तुझी
अक्का


लालबाग, मुंबई
१६ एप्रिल १९७३

ती. अक्का,

पायांवर डोकं ठेवतो. राग निवडून काढला आणि ठेवून घेतला. तो माझाच आहे.

तू येणार हे वाचून फार बरं वाटलं. पण आधी दोन गोष्टी सांगतो, मग तूच ठरव. मुंबईचा मे महिना धुळ्यासारखा कोरडा नसतो. इथे अंगाला अंग चिकटतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अंधारा, पाणी फक्त पहाटे येतं. तुझे गुडघे दुखतात. शिवाय मोटारीचा रात्रभराचा प्रवास. मला असं वाटत होतं की या वर्षी घागर तू देवपुरातच भरावीस, मी इथून मनोमन नमस्कार करीन. नाना समजून घेतील. आयुष्यभर ते समजूनच घेत आले.

तरी यायचंच असेल तर मात्र तुला अशी मुंबई दाखवीन की तू धुळ्याला जाऊन महिनाभर सांगत बसशील. राणीची बाग, चौपाटी, मलबार हिलवरची बाग, तिथला तो म्हातारीचा बूट, गेटवे, मत्स्यालय. मला सगळं पाठ आहे. शालिग्राम आणि मी दर रविवारी एकेक ठिकाण पालथं घालतो.

शालिग्रामला सांगतो. तो हो म्हणेलच. मात्र हल्ली त्याला कचेरीच्या कामानिमित्त फार फिरावं लागतं, त्यामुळे ऐन वेळी काय होईल ते सांगवत नाही. तू त्याच्यावर फार विसंबून राहू नकोस, एवढंच म्हणतो. समजा तो नसला तर पान वाढून, हात जोडून, नंतर आपणच जेवायचं. चालत असेल ना?

सात वर्षांत या खोलीत आपलं घरचं माणूस कुणी आलेलं नाही. नाना दरवर्षी म्हणायचे, केळी उतरली की येतो. भिंतीला चुना लावून घेतो.

तुझा
बन्सीलाल


देवपूर, धुळे
२२ एप्रिल १९७३

चि. बन्सीलाल,

नुसतं पान वाढून हात जोडलेले चालत नाहीत. माणूस जेवला पाहिजे. तो ढेकर देईपर्यंत मी उठणार नाही.

माझ्या गुडघ्यांची काळजी तू करू नकोस, ते माझं ऐकतात. घागर मी इथल्या कुंभाराकडून घेतली आहे, गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन येईन. खरबूजही इथूनच आणते. यंदा दुष्काळाने पांझरा कोरडी ठाक पडली, वाळवंटात खरबुजाची वाडी म्हणून उरली नाही, तरी एका बाईने विहिरीच्या पाण्यावर चार वेल जगवले आहेत. सांजोऱ्या केल्या. दोन डबे केले, एक तुझा आणि एक शालिग्रामचा. नानाही तुला केळ्याच्या वेफरचे दोन डबे पाठवायचा, आठवतं ना?

शालिग्रामला गोड आवडतं की तिखट, ते मात्र तू सात वर्षांत कधी लिहिलं नाहीस. कळव. नाही कळवलंस तर दोन्ही करीन.

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई सेंट्रलच्या स्टँडवर उभा राहा. मी दिवसाच्या गाडीने निघते, रात्रीची नको. निळं लुगडं आणि हातात घागर, अशी दुसरी बाई त्या गाडीतून उतरणार नाही.

अक्का


लालबाग, मुंबई
१० मे १९७३

ती. अक्का,

रविवारी रात्री स्टँडवर तू काहीच बोलली नाहीस. गाडी सुटताना नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मी परत चालत आलो. तेव्हापासून तुला पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आज पाठवणार आहे, मग ते कसंही होवो.

शालिग्रामने आपल्याला तोंडघशी पाडलं, त्याबद्दल माफी मागतो. त्याची बदली झाली म्हणे, अहमदाबादला. मला काल कळलं. शनिवारी आपण त्याच्या गिरगावच्या बिऱ्हाडी गेलो तेव्हा तो आधीच गेलेला असणार.

तू पहाटेपासून स्टोव्हपुढे होतीस. पुरण, आमरस, कुरडया, सार. कोपऱ्यात घागर भरून ठेवली होतीस, तिच्यावर खरबूज. सगळं झाकून म्हणालीस, ‘चल, शालिग्रामले लई येऊत.’ मी म्हटलं, तो येईल. तू म्हणालीस, आखाजीच्या पितराला घरून आणायला जायचं असतं. मग निघालो. मला वाटलं, वाटेत तुला मुंबई दाखवावी, तू थकशील, तुझं मन रमेल आणि वेळ निघून जाईल. खरं सांगतो, माझा तेवढाच बेत होता.

गिरगावात तुला फुटपाथवर उभं करून मी त्या इमारतीत शिरलो. दुसऱ्या मजल्यावर जाऊन थोडा वेळ थांबलो आणि खाली येऊन सांगितलं की दाराला कुलूप आहे, चौपाटीवर गेला असेल. चौपाटीवर उन्हात चिटपाखरू नव्हतं. तू वाळूत उभी राहून समुद्र बघितलास आणि म्हणालीस, ‘हाऊ बठ्ठा समुद्र खारा शे? मंग काय कामना?’ मला हसू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन. मग मलबार हिलला जायला म्हणून मी ज्या बसमध्ये बसवलं ती दुसरीकडेच निघाली. एका पोलिसाला विचारलं, तो म्हणाला, मुंबईत नवीन दिसता. तू माझ्याकडे बघितलंस आणि पदराने घाम पुसलास. बागेत पोहोचलो तर तू फुलं बघेनास, म्हातारीचा बूट बघेनास. बाकावर बसलेल्या एकेका पुरुषाकडे बघत होतीस. मला कळत होतं की तू कुणाला बघते आहेस.

घरी आलो तोवर दुपार उतरायला लागली होती. पुरणपोळ्या गार. मी पान वाढायला घेतलं. तू माझ्या हातातून वाटी काढून घेतलीस आणि सरळ गॅलरीत गेलीस. शेजारच्या दारात परब खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याशी मी चार वर्षं बोलत नव्हतो, अक्का. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमचं वाजलं होतं. माझ्या धोतराचं पाणी त्यांच्या सदऱ्यावर पडायचं. एवढंच कारण. तू त्यांच्यापुढे उभी राहून म्हणालीस, ‘दादा, जेवाले या. मना भाऊना पाट सुना शे.’

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, ‘बाय, मी मासे खाणारो माणूस. तुमका चलात?’ तू विचारलंस, ‘आज खादा का?’ ते नाही म्हणाले. ‘मंग चालस.’

सगळी चाळ दारात आली होती. सगळ्यांनी बघितलं की गोदीच्या कचेरीत सात वर्षं कारकुनी करणाऱ्या या माणसाला बापाच्या आखाजीला बोलवायला एक माणूस नाही. त्याच्या म्हाताऱ्या आत्याला गॅलरीत उभं राहून हाक मारावी लागते. मी मान वर करू शकलो नाही. नानांच्या पाटावर एक अनोळखी कोकणी माणूस बसला, तू त्याला गंध लावलंस, त्याच्या पायांवर पाणी घातलंस, आणि तो जेवता जेवता रडायला लागला. त्याचं मला काही कळलं नाही. त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी ते आपल्याबरोबर राणीच्या बागेत आले तेव्हा तरी मी नीट बोलायला हवं होतं. तू आणि ते पुढे, मी मागे. झाडं कुठली, हत्तीचं नाव काय, सगळं त्यांना माहीत. मी त्या बागेत पहिल्यांदा गेलो. एकट्याने बागेत जाऊन काय करायचं असतं?

तू रागावली असशील. तसं लिही.

बन्सीलाल


देवपूर, धुळे
१७ मे १९७३

चि. बन्सीलाल,

मी रागावलेली नाही. स्टँडवर बोलले नाही कारण बोलले असते तर रडले असते, आणि ड्रायव्हर ओळखीचा नव्हता.

शालिग्रामच्या बदलीचं वाचलं. बाळा, त्याला आता जाऊ दे. अहमदाबादला नको, कुठेच नको. तो नाही हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. जो माणूस सात वर्षांत एकदा आजारी पडला नाही, ज्याने एकदा तुझ्याशी भांडण केलं नाही, ज्याच्या बहिणीचं लग्न झालं नाही की आई मेली नाही, तो माणूस नव्हे. माणसं अशी सोयीची नसतात. दोरीवरून चार वर्षं अबोला धरणारा परब, तो माणूस.

नानालाही माहीत होतं. आता तुला सांगायला हरकत नाही. तू मुंबईला गेलास त्या पहिल्या वर्षी त्याने तुला लिहिलं होतं की करमत नसेल तर परत ये, केळीची बाग आहे, मी आहे. पुढच्याच पत्रात शालिग्राम आला. नाना ते पत्र घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणाला, ‘अक्का, पोऱ्यानी मनासाठे दोस्त करी धाडा.’ तुझा एकटेपणा त्याला दिसू नये म्हणून तू एक मित्र करून पाठवलास, हे त्याला कळलं होतं. मग तोही त्या मित्राला आशीर्वाद लिहायला लागला. तुला लाज वाटू नये म्हणून. वेफरचे दोन डबेही त्यासाठीच. तू दोन्ही खात होतास ना? खात असशील, अशी आमची आशा होती.

दवाखान्यात शेवटी त्याने तुझ्याबद्दल एकच सांगितलं. ‘तेना घर एक माणूस जेवना पाहिजे.’ त्याला आखाजीचं म्हणायचं होतं की एरवीचं, ते मी विचारलं नाही. मी दोन्ही धरून आले. घागर मी देवपुरातही भरू शकले असते, तू म्हणालास तशी. माझ्या भावाला मुंबईचं पाणी गोड लागणार आहे थोडंच.

शुक्रवारी तुझ्या गॅलरीत आल्या आल्या मी बघितलं, शेजारी शेजारी दोन दारं आणि दोन्हीपुढे चपलांचा एकेकच जोड. तरी शनिवारी सकाळी तुझ्याबरोबर गिरगावात गेले. मला वाटलं, वाटेत कुठेतरी तू थांबशील आणि म्हणशील, अक्का, कुणी नाही. तू जिना चढून गेलास, आणि मी खाली उभी राहून वाट बघितली. तुला वर उभं राहायला किती जड गेलं असेल ते मला खाली कळत होतं. मीच तुला थांबवायला हवं होतं, पण मला वाटत होतं ते तू म्हणावंस.

चाळीने बघितलं तर बघू दे. परब का रडले ते त्यांना विचार. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. तुझ्या दारापासून त्यांचं दार चार पावलांवर आहे.

अक्का


लालबाग, मुंबई
२४ जून १९७३

ती. अक्का,

तुझ्या पत्रातल्या पहिल्या पानाबद्दल मी काही लिहीत नाही. वाचलं, पुष्कळदा वाचलं. नानांचं वाचून दोन दिवस कचेरीत गेलो नाही. तेवढं समजून घे.

परबकाकांना विचारलं. विचारायला तीन आठवडे लागले. त्यांचा मुलगा बोटीवर आहे, आठ वर्षांत आलेला नाही. त्या दिवशी त्यांच्या पायांवर कुणी पाणी घातलं ते बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. असं म्हणाले आणि लगेच माझ्या सदऱ्याची कॉलर बघून म्हणाले की ही धुतली आहेस की नुसती भिजवली आहेस?

आता त्याचंच तुला विचारायचं आहे. तू त्यांना नेमकं काय सांगून गेलीस? त्यांनी माझ्यावर ताबा मिळवला आहे. कचेरीतून यायला उशीर झाला की जिन्याच्या तोंडाशी उभे. ‘खंय होतंस रे इतको वेळ?’ रविवारी भात घालतात, सोलकढी पाजतात, आणि मासा माझ्या पानापासून लांब ठेवून स्वतः खातात. कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगितलं की याला उधारीवर सिगारेट द्यायची नाही. मी सिगारेट ओढतो हे मी तुलाही कधी कळू दिलं नव्हतं. मी चिडून विचारलं की तुम्ही माझे कोण, तर शांतपणे म्हणाले, तुझ्या आत्येने सांगितलं आहे, तुमच्यात आखाजीला पाटावर बसलेला माणूस पुढच्या आखाजीपर्यंत बापाच्या जागी असतो. त्याला विचारल्याशिवाय पोराने काही करायचं नसतं.

असा नियम मी कधी ऐकला नाही. आहे का?

गेल्या रविवारी त्यांनी मला मुंबई दाखवायला काढलं. भायखळ्याची केळ्यांची वखार दाखवली. आपल्याकडची केळी होती, सावद्याहून आलेली. वास ओळखीचा. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. कपड्यांची दोरी आता एकच केली आहे. पाणी एकमेकांच्या कपड्यांवर पडतं, पडू देतो.

बन्सीलाल


देवपूर, धुळे
२ जुलै १९७३

चि. बन्सीलाल,

नियम आहे. जुना आहे. हल्लीच्या पोरांना माहीत नसतो. परबांचं ऐकत जा आणि सिगारेट सोड.

इकडे मृग बरा गेला. पांझरेला पाणी आलं, आम्ही सगळ्या बायका पुलावर जाऊन बघून आलो. बघितलं आणि घरी आले, मग ते सांगायला कुणी नव्हतं म्हणून तुला लिहिते आहे. शेजारची भिकुबाई लेकाकडे नंदुरबारला गेली ती तिकडेच राहिली. तिच्या खोलीत आता एका दुकानाचं सामान ठेवतात.

श्रावणात ये. चार दिवस तरी ये. तुला भरीत आणि कळण्याची भाकरी घालीन. तुझं पत्र यायला या वेळी फार दिवस लागले.

अक्का


लालबाग, मुंबई
१४ सप्टेंबर १९७३

ती. अक्का,

सा. न. कार्डच टाकतो आहे, घाईत आहे. श्रावणात येणं जमलं नाही. परबकाकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. मग गणपतीला ते मला त्यांच्या गावी घेऊन गेले, शिल्लक रजा सगळी तिकडे गेली. काय सांगू तुला, किती माणसं. रोज पंगतीला वीस पानं. मला सगळे ‘परबांचो झील’, म्हणजे परबांचा मुलगा, म्हणत होते. मी भजनात झांज वाजवली. काका विचारतात, पुढच्या आखाजीला वर्ष भरलं की मग काय, ते आत्येला विचार. तुझं बरं असेलच. तुझी पाठोपाठची दोन्ही पत्रं मिळाली, उत्तर सवडीने लिहितो.

बन्सीलाल


देवपूर, धुळे
२९ ऑक्टोबर १९७३

चि. बन्सीलाल,

सवडीची वाट बघून मीच लिहायला बसले. दिवाळीचं तुझं पत्र आलं नाही. परवापर्यंत मी पोस्टमनला दारात गाठत होते. तो लांबूनच मान हलवायला लागला, तेव्हा मी दारात उभी राहणं सोडलं.

आधी परबांच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांना सांगू नकोस, तुलाच सांगते. असा नियम नाही. तो मी त्या शनिवारी तुझ्या खोलीत केला. ते जेवून हात धुवायला उठले, आणि मला दिसलं की आता हे आपल्या दारात जातील, तू तुझं दार लावून घेशील आणि पुन्हा दोरीवरून भांडाल. म्हणून त्यांच्या हातावर पाणी घालता घालता सांगून टाकलं. माझ्या भावाच्या घागरीपुढे उभं राहून मी खोटं बोलले, पण नाना मला काही म्हणणार नाही. आता नियम मीच केला आहे तर तो वाढवायचा अधिकारही माझाच. परबांना सांग, पहिलं वर्ष जो बसला तो कायमचा. पुढच्या आखाजीला पाट त्यांचाच, आणि त्यानंतरच्याही.

आता माझं. मी तुला एक पत्र रागाने लिहिलं होतं, ते चुलीत घातलं. हे दुसरं आहे. काल भाऊबीज होती. आजवर नाना फैजपूरहून यायचा, केळीचा घड खांद्यावर घेऊन, आणि आल्या आल्या पाणी मागायचा. या वर्षी पहिल्यांदाच भाऊ नव्हता. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, म्हणून मी ताम्हण घेऊन अंगणात गेले. दुजेची ती बारीक कोर, समोरच्या कौलांआड लगेच बुडायला आलेली. मी घाईघाईने ओवाळलं. आत आले आणि मग मला कळलं की दिवसभरात मी कुणाशी एक शब्द बोललेली नाही. चंद्राशी बोलले तेवढंच. तो काही पाणी मागत नाही.

मला फार एकटं वाटतं, बन्सीलाल. हे मी नानाला लिहिलं नाही, तुझ्या आतोबांना त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं नाही, पण तुला लिहिते, कारण लपवून काय होतं ते आपण दोघांनी बघितलं आहे. तू एकटा होतास तेव्हा दर पंधरा दिवसांनी चार चार पानं यायची. मी ती दुपारी एकदा वाचायची आणि दिवा लावल्यावर एकदा. शालिग्रामने असं केलं, शालिग्राम तसं म्हणाला. तो नाही हे मला माहीत असून मी त्याची वाट बघायची. आता तुझ्याजवळ खरा माणूस आहे आणि मला पाच ओळींचं कार्ड येतं. मी तुझा माणूस शोधायला मुंबईभर फिरले, तेव्हा त्यात माझं काय जाणार आहे ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी मी परबांना हाक मारलीच असती. तेवढं तू मनात धर आणि स्वतःला दोष देऊ नकोस. तू पंगतीत बसून झांज वाजवलीस हे वाचून मी एकटीच हसले आणि मग रडले, आणि दोन्ही खरं होतं.

मला मुंबईला ये म्हणू नकोस. तीन जिने आणि पहाटेचं पाणी मला जमणार नाही, आणि दोन पुरुषांच्या संसारात मी अडगळ होईन. तूही तुझी रजा परबांच्या डोळ्यांसाठी ठेव. मला फक्त पत्र हवं आहे. दर पंधरा दिवसांनी, पूर्वीसारखं. लिहायला काही घडलेलं नसलं तर खोटं लिही, मला चालेल, पण चार पानं लिही.

तुझी
अक्का